मोटारीचें मिसिंग व ऑक्सिजन सेन्सरची साक्ष

हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधूंच्या दारांत पेट्रोलची मोटार उभी असते. बैल लंगडूं लागला तर खूर, नाल, खांदा पाहण्याची अक्कल आपणांस वाडवडिलांपासून मिळाली आहे. मोटार अडखळूं लागली कीं मात्र आपण सर्वस्वीं मिस्त्रीच्या स्वाधीन होतों. या अज्ञानाची किंमत मीं रोख मोजली आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

गेल्या पावसाळ्यांत माझी जुनी, चार सिलिंडरची गाडी चढावर धक्के देऊं लागली व समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीनें स्कॅनर लावला. दोन कोड निघाले: पी ०१७१, म्हणजे मिश्रणांत पेट्रोल कमी, आणि पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्यें मिसिंग. त्यानें पहिल्या कोडावर भिस्त ठेवून ऑक्सिजन सेन्सर बदलला. पैसे गेले, आणि चार दिवसांत दिवा पुन्हां लागला.

हा सेन्सर करतो काय, तें आधीं पाहूं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्यासाठीं धुराच्या नळींत सेन्सर बसवितात. व्होल्व्हो कंपनीनें तो १९७६ सालीं प्रथम आपल्या मोटारींत आणला. धुरांत प्राणवायु शिल्लक असल्यास नेहमींचा सेन्सर सुमारें ०.१ व्होल्ट दाखवितो, नसल्यास ०.९ च्या आसपास. त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल वाढवितो किंवा घटवितो.

सारी मेख येथेंच आहे. एका सिलिंडरमध्यें ठिणगी पडली नाहीं, म्हणजे तेथील हवा न जळतां बाहेर येते व तिच्यांतील प्राणवायु सेन्सरपुढें उभा राहतो. सोबत कच्चें पेट्रोलहि असतें, परंतु तें सेन्सरच्या हिशेबांत नीट येत नाहीं. तो "पेट्रोल कमी" असा दाखला देतो, आणि संगणक वायां जाणाऱ्या पेट्रोलांत आणखी भर घालतो. साक्षीदार खोटें बोलला नाहीं. त्यानें पाहिलें तेवढेंच सांगितलें. मीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. स्थळपाहणी व पंचनामा झाल्यावांचून अर्जावर हुकूम काढूं नये, हा तेथील पहिला धडा. कोड हाहि अर्जच होय.

पंचनाम्याचा क्रम येणेंप्रमाणें धरावा:

१. पी ०३०१ ते पी ०३०४ यांतील शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक दाखवितो. पी ०३०० निघाल्यास दोष एका सिलिंडरपुरता धरूं नये. हवेची गळती व पेट्रोलचा दाब पाहावा.

२. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद व थंड असतांना दोषी सिलिंडरची कॉइल दुसऱ्याशीं अदलाबदल करावी. कोड पुसून गाडी चालवावी. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइलच वाईट. न सरकल्यास प्लग, मग इंजेक्टर, शेवटीं कॉम्प्रेशन.

३. हवेच्या रबरी नळ्या व तारा पाहाव्या. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांचा उपद्रव विसरूं नये.

४. सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी फुटली असल्यास बाहेरची हवा आंत शिरते व साक्ष बिघडते.

५. सेन्सरची पाळी यानंतर. गरम इंजिनावर आंकडा ०.१ व ०.९ यांमध्यें सारखा वरखालीं होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एका जागीं थिजला असेल तर तार व जोड तपासून मगच बदलावा. कांहीं नव्या गाड्यांत निराळ्या जातीचा सेन्सर असतो. त्यास हें माप लावूं नये.

दुसऱ्या मिस्त्रीनें माझी दुसरी कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर बसविली, तों कोड पी ०३०३ झाला. एक कॉइल बदलतांच दोन्हीं कोड गेले. पहिला सेन्सर निर्दोष होता.

शेवटीं एक इशारा. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. परंतु तो लुकलुकत असेल तर गाडी पुढें दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या अलीकडील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटून त्याची आंतील जाळी वितळूं शकते, आणि त्याच्या किंमतींत अनेक कॉइली येतील. मिस्त्रीस मान द्यावा, परंतु भाग बदलण्यापूर्वीं "हा वाईट आहे, हें कशावरून ठरविलें?" एवढें अवश्य विचारावें.