स्तनातील गाठ: आधी निदान, मग शस्त्र

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात काय, स्त्रीच्या स्तनात गाठ हाताला लागली की घरात दोनच तर्क होतात: ती दुधाची साधी गाठ असेल, नाहीतर कर्करोग असेल. परंतु या दोहोंहून निराळा असा एक विरळा विकार आहे. त्याचे नाव सार्कोमा.

स्तनाचा नेहमीचा कर्करोग दूधग्रंथींच्या व नलिकांच्या अस्तरात उद्भवतो. सार्कोमा उद्भवतो तो त्यांना आधार देणाऱ्या तंतूंत, चरबीत किंवा रक्तवाहिन्यांत. स्तनाच्या शंभर घातक अर्बुदांत त्याचे प्रमाण एकाहूनही कमी असते. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ साली वर्णिलेली, पानांसारख्या घड्यांची 'फिलॉइड्स' गाठ त्याच्याच जवळची होय. अशा बहुतेक गाठी सौम्य असतात. थोड्या मात्र सार्कोमासारख्या वागतात.

न दुखणारी, पण भराभर वाढणारी गाठ हे याचे मुख्य लक्षण. पूर्वी किरणोपचार झालेल्या स्तनाच्या त्वचेवर काही वर्षांनी मुका मार लागल्यासारखे जांभळट डाग उमटल्यास तेही डॉक्टरांना दाखवावेत. क्ष-किरणचित्र वा सोनोग्राफी गाठ दाखविते. तिची जात निश्चित सांगू शकत नाही. बारीक सुईने काढलेल्या पेशीही पुष्कळदा अपुऱ्या पडतात. त्यासाठी जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण निदानाबरोबर उपचारही बदलतो. नेहमीचा कर्करोग बहुधा प्रथम काखेतील गाठींकडे पसरतो. सार्कोमा रक्तावाटे फुफ्फुसांत जातो. म्हणून काखेतील गाठी सरसकट काढण्याचे कारण नसते, छातीचा सीटी स्कॅन मात्र करावा लागतो. संप्रेरकांवरील औषधांचा येथे उपयोग होत नाही. भोवतालच्या निरोगी भागासह गाठ समूळ काढणे हाच प्रमुख उपाय. साधी समजून ती नुसती सोलून काढली, तर त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा धोका असतो. गाठ मोठी असल्यास किरणोपचाराची, तर निवडक रुग्णांत रासायनिक औषधांची जोड देतात. पुढे काही वर्षे नियमित तपासणी आवश्यकच.

ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. तुकड्याच्या तपासणीविषयी शंका उरल्यास त्याच्या काचपट्ट्या मुंबईच्या, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांना दाखविता येतात. त्यात जाणारे थोडे दिवस वाया जात नाहीत. पहिली शस्त्रक्रिया योग्य होणे, हीच रुग्णाची सर्वांत मोठी संधी असते.