कानांनी पाहायचे नाटक

जत्रेत तुम्ही नाटक पाहिले असेल. पडदा वर जातो. राजा येतो. त्याचा मुकुट, त्याची तलवार, त्याच्या मिशा आपल्याला दिसतात. पण असेही एक नाटक आहे, की ज्यात पडदा नाही, मुकुट नाही, मिशाही नाहीत. दिसत काहीच नाही. नुसते ऐकायचे. तरी माणसे हसतात आणि रडतातही.

या नाटकाला श्रुतिका म्हणतात. श्रुती म्हणजे ऐकणे. ते रेडिओवर, म्हणजे आकाशातून येते, म्हणून त्याला नभोनाट्य असेही नाव आहे.

न दिसणारे नाटक रंगते तरी कसे? ऐका.

लंडन शहरात १५ जानेवारी १९२४ रोजी रेडिओवर एक नाटक झाले. ते रिचर्ड ह्यूज नावाच्या तरुण लेखकाने खास रेडिओसाठी लिहिले होते. ऐकणाऱ्याला काही दिसत नाही, ही मोठी अडचण. ह्यूजने त्या अडचणीचाच उपयोग केला. त्याने आपली माणसे कोळशाच्या खाणीत नेली आणि तिथले दिवे घालवले! खाणीत काळोख. त्या माणसांनाही काही दिसेना. मग ऐकणारा आणि नाटकातली माणसे एकाच अंधारात सापडली. पाण्याचा आवाज आला, की दोघांच्याही छातीत धस्स होई.

आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली निघाले. मुंबई आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका जुन्या माणसांना अजून आठवते. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही त्यातली माणसे. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. चेहरा न पाहताही लोक त्यांना घरच्यासारखे ओळखत.

श्रुतिका दोन प्रकारे तयार होते. एक, नवी लिहायची. दुसरी, छापलेल्या गोष्टीवरून करायची. दुसऱ्या प्रकाराला रूपांतर म्हणतात. गोष्ट दुसऱ्याची असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागते. शेत दुसऱ्याचे असेल तर न विचारता नांगर घालतो का आपण? तसेच हे.

रूपांतर कसे करतात ते पाहू. समजा, गोष्टीत असे लिहिले आहे : ‘सखूने पत्र वाचले. तिचे डोळे भरून आले. तिने ते पदराखाली लपवले. पण सासूने पत्र मागून घेतले, वाचले आणि तिला माहेरी पाठवले.’ डोळे भरलेले ऐकू येतात का? नाही. पदरही ऐकू येत नाही. मग असे लिहायचे :

(कागदाचा आवाज.)

सासू : काय गं सखू, कुणाचं पत्र?

सखू : (दाटल्या आवाजात) काही नाही, आत्याबाई. सहज.

सासू : सहज आहे, तर पदराखाली का लपवतीस? आण इकडं.

सखू : तुम्हांला कुठं वाचता येतं?

सासू : येतं आता. रात्रीच्या वर्गाला उगीच जाते का मी? (अडखळत) ‘आई... आ-जा-री... आहे.’ अगं, मग सांगायचं नाही का?

सखू : वाटलं, सुगीच्या दिवसांत तुम्ही सोडणार नाही.

सासू : सुगी काय, दरसाल येते. उद्या पहिल्या गाडीनं नीघ.

पाहिलेत? कुठे काय घडले, ते सगळे बोलण्यातून कळले. कोण कोणाशी बोलते, तेही कळले. श्रुतिकेत एका वेळी फार माणसे बोलू लागली तर गोंधळ होतो. म्हणून माणसे थोडी घ्यावी आणि आवाज वेगवेगळे निवडावे. एक जाड, एक बारीक, एक थकलेला.

आता बाकीचे आवाज. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या, की घोडा धावतो. पातळ पत्रा हलवला, की ढग गडगडतात. सुपात ज्वारी घोळवली, की पावसाची सर येते. चुरचुरणारा कागद चुरगाळला, की जाळ पेटतो. दूर जाणारा माणूस दाखवायचा असेल, तर नटाने बोलता बोलता ध्वनिक्षेपकापासून मागे सरायचे. आणि मध्येच गप्प राहणे, हाही एक आवाजच आहे. सखू क्षणभर बोलली नाही, तर ऐकणारा समजतो.

आवाजाची ही ताकद जपून वापरावी लागते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स या नटाने रेडिओवर एक रूपांतर सादर केले. मूळ कादंबरी एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची. मंगळावरून शत्रू आले, अशी ती कथा. नाटकात ती बातम्यांसारखी सांगितली होती. हे नाटक आहे, असे सुरुवातीला सांगितले होते. पण ज्यांनी रेडिओ उशिरा लावला, त्यांतल्या काहींना ते खरेच वाटले. ते घाबरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ती घबराट आणखी फुगवून छापली. म्हणजे नाटकाने चकवले, आणि बातमीनेही चकवले! आज मोबाईलवर कुणाचाही आवाज येतो. तो ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. बोलतो कोण, कशासाठी, हे आधी विचारा.

श्रुतिका तुम्हांलाही करता येईल. रंगमंचावर पाठांतर लागते. इथे नट हातात कागद धरून वाचतात. वाचता येणे हीच पहिली पायरी. मात्र वाचतो आहे असे वाटता कामा नये, बोलतो आहे असे वाटले पाहिजे. म्हणून आधी चार वेळा मोठ्याने वाचा. कागद खरखरू देऊ नका. खोलीचे दार लावा, भिंतीला गोधडी टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मोबाईलवर आवाज भरून घ्या. ‘हे नाटक आहे’ असे सुरुवातीलाच सांगा.

मग ते गावातल्या अशा माणसाला ऐकवा, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही. जत्रेतले नाटक त्याला अर्धेच मिळते. हे मात्र त्याला तुमच्याइतकेच पुरे मिळेल.