दैवी शक्ती आणि शिकलेली विद्या

दिवाळीच्या सुट्टीवरून परतताना आमच्या वसतिगृहातील मुले नवनवे खेळ शिकून येतात. त्यांतील एका प्रकाराचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. त्यात पुरोहिताला शक्ती देवाकडून मिळते. जादूगाराला मात्र मंत्र पोथीतून पाठ करावे लागतात. कोणाची शक्ती कोठून आली, हे नियमपुस्तकातच लिहिलेले असल्याने वाद उद्भवत नाही. सातारा-सांगलीच्या गावांत कोणाच्या अंगात येते, कोणी लिंबू कापून ‘रक्त’ काढतो. तेथे पाहणाऱ्याने हा भेद ओळखायचा कसा?

प्रश्न प्राचीन आहे. दीघनिकायातील केवट्टसुत्तात नालंदेचा केवट्ट नावाचा गृहपती तथागतांना विनवितो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखविण्यास सांगावे, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. त्यांचे कारण मोठे मार्मिक आहे. श्रद्धावान मनुष्य चमत्काराला भिक्खूची ऋद्धी म्हणेल. अश्रद्ध म्हणेल, गांधारी नावाची एक विद्या आहे, ती शिकून हा हे करतो. परचित्त ओळखून दाखविले, तर मणिका विद्येचे नाव पुढे येईल. डोळ्यांनी पाहून हा तंटा मिटणारा नाही. म्हणून अनुशासनी, म्हणजे शिकवण, हेच प्रातिहार्य त्यांनी श्रेष्ठ मानले. विनयपिटकातील कथेत पिंडोल भारद्वाज ऋद्धिबलाने राजगृहात उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र काढून आणतो. त्याची शक्ती कथेत खोटी नाही, तरीही त्याची कानउघाडणी होते, अशा प्रदर्शनास मनाई होते आणि ते मोलाचे पात्र फोडून त्याची पूड भिक्खूंच्या अंजनासाठी दिली जाते!

आमच्या काळात या प्रश्नाला भिडले ते साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय येथे ते शिकले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवीत आणि लगेच त्यामागची विद्याही सांगत. मंत्राने पेटणाऱ्या होमात समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट असते आणि तूप म्हणून ग्लिसरीन ओतले जाते. थोड्याच वेळात ज्वाळा उठते. ओतणाऱ्याची जात, उपवास वा सोवळे यांची रसायनाला काही पर्वा नसते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. शक्ती खरी की खोटी, या वादात हा कायदा शिरत नाही, हे आम्हाला विशेष वाटते. कीर्तन, प्रवचन, यात्रा, दिवंगत संतांच्या चमत्कारकथा यांना त्याची आडकाठी नाही. तथाकथित चमत्कारातून पैसा उकळणे, अतींद्रिय शक्ती अंगात आल्याचे भासवून दुसऱ्याला भय घालणे, हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार रुपये.

उसाच्या फडात राबणाऱ्या आमच्या पालकांसाठी त्यातील एक तरतूद सर्वांत निकडीची आहे. साप, विंचू वा कुत्रा चावला असता रुग्णाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. मांत्रिकाकडे नेलेला माणूस पुष्कळदा वाचतो, हे खरे. परंतु आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. येथे दैवी शक्तीही नसते आणि शिकलेली विद्याही नसते. असतो तो योगायोग, आणि त्याचे श्रेय मांत्रिकाला मिळते. नागाचे वा घोणसाचे विष अंगात भिनले असेल, तर प्रतिसर्पविष रुग्णालयातच मिळते. देवळाच्या पायरीवर घालविलेला तास तेथे कोणी भरून देत नाही.