पराभूत सैन्याची माघार

इतिहासावर आधारलेल्या संगणकीय खेळांत खेळणाऱ्याला सर्वांत अधिक कोड्यात टाकते ती पराभूत सैन्याची माघार. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीने २०१३ साली प्रसिद्ध केलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेतील चौथा खेळ हे याचे उत्तम उदाहरण होय. १४४४ ते १८२१ या काळातील एखाद्या राज्याची सूत्रे येथे खेळणाऱ्याच्या हाती असतात. लढाई हरलेले त्याचे सैन्य बहुधा शेजारच्या सुरक्षित प्रांतातही थांबत नाही; ते दूर निघून जाते. मुक्कामी पोहोचेपर्यंत ते कोणताही हुकूम मानत नाही. वाटेत शत्रूची फौज आडवी आली तरी लढाई जुंपत नाही. राजाज्ञा झुगारणारे आणि शत्रूलाही अदृश्य असणारे हे सैन्य म्हणजे खेळातील दोषच, असे नवख्याला वाटते.

वस्तुतः या वर्तनामागे एक निश्चित विचार आहे. खेळात प्रत्येक सैन्याची दोन परिमाणे मोजली जातात : एक मनुष्यबळ, दुसरे मनोबल. लढाईत दोन्ही घटतात. परंतु मनोबल सहसा आधी संपते. ते शून्यावर आले की, हजारो सैनिक जिवंत असूनही सैन्य मोडते. प्रत्यक्ष युद्धांतही सैन्ये शेवटचा माणूस पडेपर्यंत क्वचितच लढली. धीर सुटला की रांगा फुटत, आणि फुटलेल्या रांगांना सेनापतीचा शब्द ऐकू येत नसे. तेव्हा हुकूम न मानणे हा येथे पराभवाचाच एक भाग आहे.

मात्र माघार इतकी दूरवर का व्हावी? या मालिकेच्या आधीच्या खेळात पराभूत सैन्य शेजारच्या प्रांतात जाई. विजेता तेथे पोहोचून त्याला पुन्हा हरवी, आणि ही धावपळ सैन्य नष्ट होईपर्यंत चाले. एका लढाईने युद्धाचाच निकाल लागे. दूरच्या माघारीमुळे पराभूताला मनोबल सावरण्यास अवधी मिळतो. विजेत्याला पाठलागाची मुभा असते. परंतु सैन्य मुक्कामी पोहोचल्यावरच त्याच्याशी पुन्हा लढता येते.

इतिहासाच्या कसोटीवर हा नियम कितपत उतरतो, हे प्रशियाचा सेनानी ब्ल्यूखर याच्या दोन माघारींवरून दिसते. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना व आउअरश्टेट येथे प्रशियाचा पराभव झाला. फ्रेंचांनी उसंत न देता पाठलाग केला. पांगलेल्या तुकड्या एकामागून एक शरण गेल्या, आणि ७ नोव्हेंबर रोजी ल्यूबेकजवळ ब्ल्यूखरलाही शस्त्रे खाली ठेवावी लागली. रणांगणावरील पराभवापेक्षा हा पाठलागच अधिक घातक ठरला.

१६ जून १८१५ रोजी लिन्यी येथे तो पुन्हा हरला. घोड्याखाली सापडून जायबंदीही झाला. त्याचा सहकारी ग्नायझेनाऊ याने सैन्य पूर्वेकडील आपल्या तळाकडे न नेता उत्तरेस वाव्रकडे वळवले. फ्रेंचांचा पाठलाग उशिरा सुरू झाला. मोडलेले सैन्य सावरले आणि दोनच दिवसांनी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनच्या बगलेवर येऊन धडकले.

खेळाचा नियम प्रत्येक पराभूताला लिन्यीनंतरची संधी बहाल करतो. येनानंतरचा अखंड पाठलाग मात्र त्यात जवळजवळ अशक्य होतो. दोन्ही घटना तितक्याच खऱ्या असता खेळकर्त्यांनी एकीची निवड केली, कारण एकाच लढाईत संपणारे युद्ध खेळण्याजोगे राहत नाही. अशा खेळांतून इतिहास शिकू पाहणाऱ्याने हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे. मनोबलाविषयी हा खेळ जे सांगतो ते बव्हंशी ग्राह्य आहे. पाठलागाविषयी तो जे सांगत नाही, ते मात्र इतिहासाच्या ग्रंथांतच शोधावे लागते.