जुळवलेला संगणक

२०१९ च्या मे महिन्यातील एका दुपारी आमच्या घरातील संगणक ‘फट्ट’ असा आवाज करून बंद पडला आणि त्याच्या पाठीमागून जळक्या वासाचा धूर निघाला. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडून आतील पॉवर सप्लाय माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्याचे वजन रिकाम्या डब्याइतकेच भरेल असे वाटले. जाताना तो एकटा गेला नाही, हार्ड डिस्कलाही बरोबर घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या कैलासवासी मातोश्रींच्या आवाजातील भूपाळ्या होत्या, आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. यंत्र तयार विकत घेतलेले होते. विकणाऱ्याने आत काय घातले हे सांगितले नाही आणि आम्हीही ते विचारले नाही, म्हणून अर्धा दोष मी माझ्याकडेच घेतो.

पुढे पाच वर्षांनी, २०२४ च्या दिवाळीत, माझ्या भगिनीच्या घरी जुन्या ट्रंकेत मातोश्रींच्या आवाजाची एक ध्वनिफीत सापडली. त्याच सुमारास नागपुरास शिकणाऱ्या चिरंजीवांनी खेळांसाठी आणि चित्रफितींच्या संपादनासाठी चांगला संगणक हवा, असा हट्ट धरला. दोन्ही कामे एकाच यंत्रावर व्हावीत असे ठरले. सौभाग्यवतींनी नव्वद हजारांची मर्यादा घालून दिली आणि “खेळायचेच असेल तर निदान घरात खेळेल,” असा निवाडाही दिला.

“बाबा, या वेळी आपण सुटे भाग घेऊन स्वतःच जुळवू,” चिरंजीव म्हणाले. मला ते पटेना. जुळवलेले म्हणजे दुय्यम, कारखान्यातून आलेले तेच खरे, असा माझा समज होता. त्याने मला पुण्याच्या सी-डॅकची आठवण करून दिली. १९८०च्या दशकात भारताला हव्या त्या क्षमतेचा महासंगणक अमेरिकेने दिला नाही. तेव्हा १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या व नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचे मर्म एखाद्या अलौकिक भागात नव्हते. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर हे बाजारात मिळणारे प्रक्रियक मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून ते यंत्र घडविले होते. बाहेरून आणलेल्या भागांची सुजाण जुळणी हीच त्या यंत्राची थोरवी होती. मुलाने बापाला निरुत्तर करावे असे प्रसंग शिक्षकाच्या घरी वारंवार येतात. हाही त्यांपैकीच एक.

प्रथम खरेदी झाली ती कोळसा आणि मीठ यांची. वाचकांना हे विनोदी वाटेल, परंतु आमच्या घरातील तीन छिद्रांच्या सॉकेटमधील तिसरे छिद्र केवळ शोभेचे होते. जुन्या संगणकाच्या पेटीला हात लागला की बोटांना मुंग्या येत आणि आम्ही त्याला ‘करंट मारतो’ म्हणून हसण्यावारी नेत असू. अर्थिंग नसल्याची ती खूण होती. अंगणात खड्डा खणून, तारतंत्री बोलावून, कोळसा व मीठ घालून अर्थिंग केले, त्यानंतर मुंग्या थांबल्या. मध्य प्रदेश, छत्तीसगड वा कर्नाटकातील आपल्या अनेक जुन्या घरांत हीच स्थिती असेल. अशा घरात प्रथम तारतंत्र्यास बोलवावे, संगणकाचे दुकान नंतर.

दुसरा प्रश्न विजेच्या दाबाचा. रब्बीत शेतांतील पंप एकदम सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडचे २३० व्होल्ट १७० वर उतरतात. म्हणून पॉवर सप्लाय निवडताना त्याच्या लेबलावरील एक ओळ वाचावी. काहींवर २०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, तर काहींवर १०० ते २४०. आमच्यासारख्यांनी दुसऱ्या प्रकारचाच घ्यावा. शिवाय ‘८० प्लस’ हे चिन्ह पाहावे. शंभर वॅट काम मिळावे म्हणून भिंतीतून किती अधिक वीज खेचली जाते आणि किती नुसती उष्णता होऊन वाया जाते, याची थोडीबहुत हमी त्यात आहे. आम्ही ५५० वॅटचा, नामांकित कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. त्याच्या पैशात दीड हजार वाचवता आले असते. चिरंजीवांना ते वाचवून रंगीत दिव्यांचे पंखे हवे होते. तेथे मात्र मी जळालेल्या संगणकाचा दाखला दिला आणि जिंकलो.

यूपीएसविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॅट नव्हे. तसला यूपीएस सहसा ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो. आमच्या यंत्राचा हिशेब असा: प्रक्रियक कागदावर ६५ वॅट, ग्राफिक्स कार्ड ११५, आणि पंखे, डिस्क, मदरबोर्ड व मॉनिटर मिळून आणखी शंभर. ऐन खेळाच्या भरात क्षणिक उसळी येते ती निराळीच. म्हणून १००० व्हीएचा, ६०० वॅटचा घेतला. तो अर्धा तास चालावा अशी अपेक्षा नाही. काम जपून ठेवून यंत्र रीतसर बंद करण्याइतकी उसंत मिळाली की पुरे.

उष्णतेचे गणित मी वर्गात मुलांना सांगतो तसेच येथेही सांगतो. पंखा गरम भागावरून हवा ढकलतो, ती हवा थंड करीत नाही. खोलीचे तापमान २५ अंश असता प्रक्रियक ७० पर्यंत चढत असेल, तर आमच्या मे महिन्यातील ४२ अंशांच्या खोलीत तोच जवळजवळ ८७ वर जाणार. आम्ही घेतलेल्या रायझेन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. त्या सीमेला पोहोचला की तो आपली गती स्वतःच कमी करतो. अशा वेळी महागड्या यंत्राचे पैसे देऊन मंद यंत्र वापरावे लागते. म्हणून पेटी निवडताना काचेच्या समोरच्या फळीचा मोह टाळून जाळीदार समोरची बाजू घेतली आणि जाळीमागे धुऊन लावता येणारे गाळण आहे हे पाहिले. भाताचा हा जिल्हा. कापणीनंतर गिरण्या सुरू झाल्या की तुसाची धूळ कोठे जात नाही, हे विचारावे.

या सर्वांनंतर नवख्या माणसाचे डोळे जेथे प्रथम जातात त्या भागांकडे आम्ही वळलो. माझा आग्रह ‘सात’ क्रमांकाच्या प्रक्रियकाचा होता, कारण पाचापेक्षा सात मोठे. मुलाने समजावले की कुळाचा आकडा आणि पिढीचा आकडा हे वेगळे. जुन्या पिढीचा ‘सात’ नव्या पिढीच्या ‘पाचा’मागे सहज पडतो. शिवाय खेळात बहुतेक ओझे ग्राफिक्स कार्डावर असते, आणि ते किती हे मॉनिटरवरून ठरते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर दर चित्रात सुमारे २१ लाख ठिपके रंगवावे लागतात, २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३७ लाख, आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्यावर ८३ लाख. म्हणजे प्रथम पडदा ठरवावा, मग कार्ड, आणि त्याला शोभेल असा प्रक्रियक शेवटी. आम्ही २४ इंची, २१ लाखांचा पडदा ठरविला आणि पुढील निवडी आपोआप सुकर झाल्या.

कार्डासाठी २०२१ चे आरटीएक्स ३०६० आणि २०२३ चे ४०६० हे दोन समोर होते. पहिल्याची मेमरी १२ जीबी, दुसऱ्याची ८. पण पहिले १७० वॅट खाते आणि दुसरे ११५. यूपीएस आणि उन्हाळा ध्यानात घेऊन दुसरे घेतले. थंड गावी राहणाऱ्याने आणि चित्रफितींचे मोठे काम करणाऱ्याने कदाचित उलट निवड केली असती, व तीही चूक ठरली नसती. २०२५ मध्ये ५०६० आले. मॉडेले अशी बदलतच राहतील, विचाराची रीत तेवढी उपयोगी.

मदरबोर्डाच्या बाबतीत मन थोडे साशंक आहे, ते लपवीत नाही. आम्ही २०१७ पासून रायझेनसाठी चालत आलेल्या एएम४ सॉकेटचा घेतला. २०२२ मध्ये एएम५ आले होते आणि त्यात पुढे नवा प्रक्रियक बसविण्यास वाव अधिक. परंतु त्याला डीडीआर५ मेमरी लागते आणि आमची नव्वद हजारांची चौकट मोडत होती. ज्यांना आणखी दहापंधरा हजार शक्य आहेत, त्यांनी एएम५ चा विचार अवश्य करावा. मेमरी १६ जीबीची, पण एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण दोन मार्गांनी ने-आण झाली की वेग वाढतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा आपण आधीच घेतली याचे समाधान वाटले. ते दैव, चातुर्य नव्हे.

मदरबोर्डावर माझी एकच अट होती: मागच्या बाजूस निळ्या रंगाचे ‘लाइन-इन’ छिद्र हवे. हिरव्यातून आवाज बाहेर जातो, गुलाबी ध्वनिग्राहकासाठी असते, आणि टेपरेकॉर्डरचा आवाज आत घ्यायचा तो निळ्यातून. चिरंजीवांनी आयुष्यात त्या छिद्राचा उपयोग केला नव्हता. साठवणुकीसाठी एक टीबीची एसएसडी आणि शिवाय एक निराळी बाहेरची हार्ड डिस्क घेतली. ही दुसरी वस्तू चैनीची नाही, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

गोंदियाहून रेल्वेने नागपूर गाठले. सीताबर्डीतील दुकानांत प्रत्येक भागाचे पक्के बिल घेतले आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घेतला. गावाकडच्या माणसाला वॉरंटीसाठी तोच आधार.

जुळणी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर झाली. प्रक्रियकाच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून त्याला अलगद ठेवायचे असते, दाबायचे नसते. त्या क्षणी सर्वांनी श्वास रोखला होता. शीतकाच्या तळाला प्लास्टिकचे पापुद्रे असल्यास ते काढावे लागतात, हेही मी वाचून ठेवले होते. दुपारी कळ दाबली. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. तासभर मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, तारा तपासल्या. चिरंजीवांचा चेहरा उतरला. मला २०१९ ची दुपार आठवली. अखेर सौभाग्यवतींनी विचारले, “एकसारखी दोन भोकं आहेत, तार दुसऱ्यात लावून बघितली का?” मॉनिटरची तार मदरबोर्डावरील जागी लागली होती. आमच्या प्रक्रियकात अंगभूत ग्राफिक्स नाही, तेव्हा तेथून चित्र येणे शक्यच नव्हते. तार कार्डावर लावली आणि पडदा उजळला.

संध्याकाळी खेळाच्या आधी ध्वनिफीत लागली. सेलवर चालणारा जुना टेपरेकॉर्डर निळ्या छिद्राला जोडला आणि ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य मिळणारी प्रणाली सुरू केली. साठ मिनिटांच्या फितीची एक बाजू म्हणजे तीस मिनिटे, आणि ध्वनिमुद्रण तितकाच वेळ घेते. बावीसाव्या मिनिटाला गावातील वीज गेली. यूपीएसने एकदा शीळ घातली, पंखे फिरतच राहिले, पडद्यावरील रेघ आवाजाबरोबर वर-खाली होत राहिली. अंधारात त्या उजेडाभोवती आम्ही तिघे काहीही न बोलता बसलो. बाजू संपली तशी मुलाने ती दोन्ही डिस्कांवर जपून ठेवली, यंत्र रीतसर बंद केले, आणि वीज आल्यावर सौभाग्यवतींनी फीत उलटून घातली.