“तू काय मुलगी आहेस?” – लहान मुलं, त्यांचे सवंगडी आणि आपण

मंडळी, एका छोट्याशा प्रसंगापासून सुरुवात करते.

रविवारच्या मराठी वर्गात आम्ही चार ते सहा वर्षांची मुलं घेऊन बसतो. गाणी, गोष्टी, थोडं चित्रकाम आणि मग खाऊ. एका रविवारी खाऊच्या वेळी साडेचार वर्षांचा एक छोटू म्हणाला, “काकू, मी पाणी पिते.” शेजारी बसलेली त्याच्याहून वर्षभराने मोठी ताई फिस्सकन हसली आणि म्हणाली, “पिते नाही, पितो! तू काय मुलगी आहेस?” मग काय, सगळा वर्गच हसला. खरं सांगायचं तर मलाही हसू आवरलं नाही. छोटू लालबुंद झाला. वर्ग संपेपर्यंत तो मराठीत एक शब्दही बोलला नाही. पुढचे तीन रविवार त्याने सगळी उत्तरं डचमध्येच दिली.

त्याची आई काळजीत पडली. त्यात भारतातून फोनवर आजीनेही विचारलं होतं, “अगं, हा असा बायकी का बोलतो?” तिला नीट उत्तर देता यावं म्हणून मी थोडं वाचन केलं. त्यातून जे समजलं ते आपल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे असं वाटलं, म्हणून हा लेखप्रपंच!

दोष मुलाचा नाही, व्याकरणाचा!

आधी त्या ‘पिते’चं बघू. डचमध्ये ‘इक ड्रिंक’ म्हटलं की झालं. बोलणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद तेच. मराठीत मात्र ‘मी’ म्हटल्याबरोबर आपण कोण ते सांगावं लागतं. मी जातो की मी जाते? मी आलो की मी आले? इथे जन्मलेलं मूल घरी मराठी ऐकतं ते बहुतेक आईकडून. बाबा उशिरा येणार, आजोबा-काका-मामा सगळे हजारो मैलांवर. मग मूल जे ऐकेल तेच बोलणार ना! ‘मी येते’ म्हणणारा मुलगा ‘बायकी’ नसतो. तो आईचं मराठी अगदी मन लावून शिकलेला असतो, एवढंच. पुण्या-मुंबईच्या घरांतही असं होतं, पण तिथे चाळीत, सोसायटीत दहा पुरुषांचं बोलणं कानावर पडतं आणि दुरुस्ती आपोआप होते. आणि हो, कोल्हापूर-सांगलीकडे बायकासुद्धा सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. म्हणून त्यांच्या बाईपणाला काही बाधा आलेली कुणी ऐकलेली नाही!

भाषेचा परिणाम अगदीच होत नाही असं मात्र नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या लहानग्यांची तुलना केली होती. हिब्रूत मराठीसारखंच क्रियापदातही लिंग दिसतं, तर फिनिशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला शब्दच एक. आपण मुलगा की मुलगी हे हिब्रू बोलणाऱ्या मुलांना थोडं लवकर उमगलं, फिनिश मुलांना थोडं उशिरा. पुढे सगळी एकाच ठिकाणी पोचतात.

मुलगा की मुलगी, हे कळतं कधी?

लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला ‘मी मुलगा’ किंवा ‘मी मुलगी’ असं नाव लावायला शिकतं. चारच्या सुमारास त्याला कळतं की मुलगा मोठा होऊन बाबा होतो, आई नाही. पण वरवरचं काही बदललं तरी आतलं बदलत नाही, ही तिसरी पायरी साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते. तोपर्यंत मुलांच्या मनात एक धाकधूक असते. केस वाढवले तर? फ्रॉक घातला तर? मी मुलगी होईन का?

सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या छोट्या मुलाचा किस्सा लिहून ठेवला आहे. तो केसांना क्लिप लावून बालवाडीत गेला. दुसरा एक मुलगा दिवसभर म्हणत राहिला, “तू मुलगीच आहेस, कारण क्लिपा फक्त मुली लावतात.” बेमबाईंच्या मुलाने शरीराचा दाखला देऊन पाहिला, पण समोरच्या मुलाला तो मुळीच पटला नाही. त्याच्या लेखी मुलगी म्हणजे क्लिप. संपलं!

आता आपल्या वर्गातली ताई आठवा. तिच्या दृष्टीने मुलगी म्हणजे ‘पिते’. तिने काही दुष्टपणा केला नव्हता. नुकताच हाती लागलेला नियम ती सगळ्यांना लावून बघत होती. मुलं या वयात नियमांच्या बाबतीत पोलिसांपेक्षा कडक असतात. आपल्या शेजारच्या जर्मनीत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच मुलं अनेक वर्षं पाहिली गेली. ‘हे मुलांचं, ते मुलींचं’ हा हट्ट पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत तीव्र होता आणि पुढच्या दोनेक वर्षांत बराच सैल पडला. तेव्हा आपली लेक अचानक गुलाबीशिवाय काही घालेनाशी झाली तर डोक्याला हात लावू नका. बहुतेक वेळा तो एक टप्पा असतो.

मुलांची टोळी, मुलींची टोळी

आता सवंगड्यांकडे वळू या. इथे चार वर्षं पूर्ण झाली की आपलं पिल्लू बासिसस्कूलच्या ग्रूप १ मध्ये जाऊ लागतं. वर्गात क्रिंग असते, पॉपेनहूक म्हणजे बाहुल्यांचा घरकोपरा असतो, बाऊहूक म्हणजे ठोकळ्यांचा कोपरा असतो. कोपरे सगळ्यांना खुले असतात. पण थोडा वेळ खिडकीतून बघा. घरकोपऱ्यात बहुतेक मुली, ठोकळ्यांत बहुतेक मुलगे! यूफने काही असं सांगितलेलं नसतं.

एलिनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन यांनी १९८७ मध्ये याची मोजदादच प्रसिद्ध केली. साडेचार वर्षांची मुलं विरुद्धलिंगी सवंगड्यांपेक्षा आपल्याच लिंगाच्या सवंगड्यांबरोबर जवळजवळ तिप्पट वेळ घालवत होती. साडेसहाव्या वर्षी हे प्रमाण ११ पट झालं होतं! हे जगात बहुतेक सगळीकडे दिसतं. मॅकोबीबाईंच्या मते खेळण्याची पद्धत हे त्याचं एक मोठं कारण. मुलग्यांची धक्काबुक्की मुलींना नकोशी होते, आणि मुलींनी गोडीत केलेल्या सूचना मुलगे फारशा मनावर घेत नाहीत. मग मुली म्हणतात, जाऊ दे, आपण आपलं खेळू.

हे आपल्यासारख्या परदेशी आईबापांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओळखीतल्या एका घरात असंच झालं. मुलाची ग्रूप १ पासूनची जिवलग मैत्रीण एक डच मुलगी. ग्रूप ३ मध्ये तिच्या वाढदिवसाला त्याला बोलावणंच आलं नाही. आई दोन दिवस झोपली नाही. आपण वेगळे दिसतो म्हणून? डबा वेगळा म्हणून? शेवटी धीर करून तिने मुलीच्या आईला शाळेच्या फाटकाशी विचारलं. उत्तर आलं, “अगं, यंदा तिला फक्त मुलीच हव्यात!” वर्गातला एकही मुलगा बोलावलेला नव्हता. परदेशात मुलांना रंगावरून, भाषेवरून दूर ठेवलं जात नाही असं मी म्हणणार नाही, तेही घडतं. पण सहा वर्षांच्या मुलाचं आमंत्रण चुकलं की पहिला संशय तिथेच नेऊ नये. आधी विचारावं.

मग वेगळं खेळण्यात बिघडलं कुठे?

तसं पाहिलं तर काहीच नाही. फक्त मात्रेचा प्रश्न आहे. कॅरोल मार्टिन आणि रिचर्ड फेब्स यांनी २००१ मध्ये बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला जी मुलं आपल्याच लिंगाच्या सवंगड्यांत जास्त वेळ होती, ती वर्षाच्या शेवटी ‘टिपिकल’ मुलग्यांसारखी किंवा मुलींसारखी जास्त वागू लागली होती. औषधाचा डोस असावा तसं!

आणि कोपऱ्यात नुसता वेळ जात नाही, तिथे शिक्षण होत असतं. ठोकळे रचताना तोल, अंतर, मोजमाप कळतं. घरकोपऱ्यात बोलणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, रडणाऱ्या बाळाला थोपटणं येतं. यातलं एक फक्त मुलग्यांना आणि दुसरं फक्त मुलींना मिळालं तर दोघांचंही नुकसान नाही का?

यात मुलग्यांचं ओझं थोडं जास्तच. मुलगी फुटबॉल खेळली तर आपण कौतुकाने सांगतो. मुलगा बाहुली घेऊन बसला की मुलंही हसतात आणि पुष्कळदा मोठेही गप्प होतात. बेव्हर्ली फॅगॉट यांच्या १९७७ च्या निरीक्षणातही ‘मुलींचे’ खेळ खेळणाऱ्या मुलग्यांना सवंगड्यांची बोलणी खावी लागत होती. (बाहुलीशी खेळणं हे कुठल्याही ‘बिघाडाचं’ लक्षण नाही हे इथेच सांगून टाकते. एखादं मूल ‘मी मुलगा नाही’ किंवा ‘मी मुलगी नाही’ असं दीर्घकाळ आणि मनापासून सांगत असेल, तर रागावू नका. ऐकून घ्या आणि आपल्या हाउसआर्ट्सशी बोला.)

आपली भातुकली आठवा

आपल्या लहानपणी वाड्यात भातुकली मांडली की मुलगेही असायचेच. कुणी चुरमुरे आणायचा, कुणी बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडी व्हायचा. लगोरी आणि डबा ऐसपैसमध्ये मुली असायच्याच. त्याचं कारण आपण फार पुढारलेले होतो असं नाही! वाड्यात मुलं थोडी, वयं वेगवेगळी, मग आहेत तेवढ्यांना घेऊनच खेळावं लागायचं. बॅरी थॉर्न यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या शाळांबद्दल हेच लिहिलं आहे. एकाच वयाच्या मुलांची गर्दी आणि चिडवायला प्रेक्षक असले की मुलगे-मुली वेगळे होतात. गल्लीत तीच मुलं एकत्र खेळतात.

आणखी एक दुवा आहे, आणि तो आपल्या दोन्ही देशांना जोडणारा आहे. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, युद्धाच्या काळात तिथेच राहिल्या, आणि १९५२ मध्ये इथे नोर्डवाइकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या संस्थेची मुख्य कचेरी आम्स्टरडॅमलाच आहे. त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणं, झाडणं, बटणं लावणं ही कामं सगळी मुलं करतात, मुलगा-मुलगी हा प्रश्नच नाही. हाच विचार ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला, गावातल्या साध्यासुध्या वस्तू वापरून, बालवाडीत रुजवला. आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांना आनंद झाला असेल!

आपण काय करू शकतो?

पहिलं म्हणजे, गप्प बसू नये. सुसान गेलमन यांच्या २००४ च्या अभ्यासात आया स्वतः ‘मुलींनी असं करू नये’ वगैरे क्वचितच म्हणत होत्या. पण मूल तसं म्हणालं तर खोडूनही काढत नव्हत्या. मुलाला वाटतं, आई काही बोलली नाही म्हणजे खरंच असणार. भाषण द्यायची गरज नाही. “अरे, आपला दादा रोज पोळ्या लाटतो की!” एवढं पुरतं.

दुसरं, एकत्र खेळत असतील तर कौतुक करा. लिसा सर्बिन आणि सहकाऱ्यांच्या १९७७ च्या प्रयोगात शिक्षिकांनी असं कौतुक सुरू केल्यावर मुलगे-मुली जास्त एकत्र खेळू लागले. कौतुक थांबल्यावर पुन्हा पूर्वीसारखे झाले! म्हणजे एकदा सांगून भागत नाही, सांगत राहावं लागतं.

तिसरं, शाळा सुटल्यावर खेळायची अफस्प्राक करताना अधूनमधून मुलाच्या मैत्रिणीला आणि मुलीच्या मित्राला बोलवा. दोघंच असली की चिडवायला कुणी नसतं. मंडळाच्या कार्यक्रमातही झिम्मा-फुगडीला मुलगे आणि ढोल-लेझीमला मुली येऊ देत.

आणि चौथं, बाबांनी मराठी बोलावं! रोज पंधरा मिनिटं गोष्ट सांगितली तरी चालेल.

आमच्या छोटूचं काय झालं? चौथ्या रविवारी मी वर्गात त्याची सर्वांसमोर माफी मागितली आणि कोल्हापूरच्या ‘मी आलो’ म्हणणाऱ्या मावशीची गोष्ट सांगितली. मग सगळ्यांनी पाळीपाळीने मावशी होऊन दाखवलं. सर्वांत मोठ्याने ‘मी जेवतो!’ म्हणाली ती आमची ताईच. मुलं हसून हसून लोळली, पण या वेळी कुणा एकावर नाही. त्या दिवशी निघताना छोटू दारातून ओरडला, “काकू, मी येते!” मी म्हटलं, “ये हो बाळा, पुढच्या रविवारी नक्की ये.”

आता त्याचे बाबा त्याला रात्री गोष्ट सांगतात. ‘पितो’ आणि ‘पिते’ अजून मधूनमधून अदलाबदल होतात. होऊ देत. तो मराठीत बोलतोय, हे महत्त्वाचं!