तांब्याची तार की काचेचा तंतू?

शाळेत, दवाखान्यात किंवा पतपेढीत पाच-दहा संगणक आले, की ते एकमेकांना जोडायचे कसे, हा प्रश्न येतो. ईथरनेट ही त्यासाठी सर्वांत रुळलेली पद्धत. दुकानदार विचारतो, "कॉपर टाकू की फायबर?" आपण म्हणतो, "जे चांगलं असेल ते टाका!" आणि इथंच खर्च फुगतो. चांगलं कोणतं, हे जागेवर अवलंबून आहे.

तांब्याच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या. या पिळाला कारण आहे. आसपासच्या मोटारी, दिवे यांचा विद्युत् गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र मात्र दोहोंतला फरक तेवढाच वाचते. गोंगाट आपोआप वजा होतो! या केबलची मर्यादा १०० मीटर. भिंतीवरची चढउतार, वळणे, टोकांचे सुटे तुकडे सगळे धरून. कॅट-५ई केबल तेवढ्या अंतरात सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते. १० गिगाबिट हवे असतील तर कॅट-६ए घ्यावी. साधी कॅट-६ तेवढ्या वेगाला ५५ मीटरच्या आसपास थकते. शिवाय याच तारेतून कॅमेऱ्याला किंवा टेलिफोनला वीजही पुरवता येते. तेव्हा इमारतीच्या आत तांबेच बरे. घेताना मात्र तार खरवडून पाहा. वर तांब्याचा मुलामा नि आत पांढरे अ‍ॅल्युमिनियम निघाले, तर माल परत करा.

मग काच कशाला? समजा, शाळेची जुनी इमारत आणि नवी प्रयोगशाळा यांत साठच मीटर अंतर आहे. मापाने तांबे सहज पुरेल. पण वळवाच्या पावसात जवळपास कुठे वीज कोसळली, की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड दाबाचा फरक पडतो, आणि तांब्याची तार त्या विजेला वाटच करून देते. टोकांची यंत्रे जळतात, कधी संगणकही. त्या वेळी कुणाचा हात तिथे असला तर जिवावरही बेतायचे. काचतंतूतून फक्त प्रकाश जातो. म्हणून इमारतीबाहेर पडणारी केबल काचेचीच असावी, अंतर कितीही थोडे असो. तीही आत धातूची तार किंवा पत्रा नसलेली मागा, नाही तर मुद्दाच हुकला.

काचतंतूंतही दोन जाती आहेत. मल्टिमोडचा गाभा ५० मायक्रॉनांचा. ओएम-३ प्रतीत १० गिगाबिट ३०० मीटर जातात. सिंगल-मोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनांचा, पण त्यातून तोच वेग १० किलोमीटर पोचतो. नव्याने चर खणत असाल तर सिंगल-मोडच टाका, आणि दोन-चार तंतू जादा ठेवा. तंतू स्वस्त, खणाई महाग. दोन्ही टोकांची मॉड्यूल एकाच जातीची हवीत. आणि हो, चालू तंतूच्या टोकाला डोळा लावून उजेड येतो का, ते पाहू नका. तो प्रकाश अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.